वीस तास आणि अकरा सेकंद

दुपारी ३:४०. उरले २० तास.

मटेरियल टेस्टिंग लॅबमधल्या काट्यावर आकडा जरा थरथरला आणि ६३६ वर थांबला. ग्रॅम. आइस्क्रीमच्या काड्या आणि फेविकॉल, तिसरं काही नाही. उंची नव्वद सेंटिमीटर, मजले सहा. हा आमचा सरावाचा टॉवर. तीन दिवस खपून केलेला, कुठे गोंदाचे ओघळ, कुठे काडी तिरकी, पण उभा. खरा टॉवर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुसऱ्या कॉलेजात वजनाला लावायचा होता, आणि तो अजून बांधायचा होता.

नियम एका पानाचे. प्रत्येक मजल्यावर एक किलोची लोखंडी पट्टी, म्हणजे एकूण सहा किलो. मग टॉवर शेक टेबलावर चढवायचा. टेबल दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर सरकणार. आधी सेकंदाला दोन वेळा, मग तीन, चार, पाच, सहा. प्रत्येक टप्पा वीस सेकंदांचा. पेललेल्या भाराला टॉवरच्या वजनानं भागायचं आणि जितके टप्पे तग धरला तितक्यानं गुणायचं. अमेरिकेत भूकंप अभियांत्रिकीची एक संस्था कॉलेजच्या मुलांसाठी अशीच स्पर्धा घेते, तिकडे बाल्सा लाकूड वापरतात. आमचं नियमांचं पान त्याच वळणाचं होतं. बाल्सा खिशाला परवडत नाही, म्हणून काड्या.

६००० भागिले ६३६ म्हणजे ९.४. बार्शीनं मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाला, "त्यांचा पाचशे चाळीसचा आहे म्हणे."

'त्यांचा' म्हणजे यजमान कॉलेजच्या पोरांचा. पाचशे चाळीस म्हणजे ११.१. तो टॉवर आमच्यातल्या कोणी पाहिलेला नव्हता. कोणीतरी कोणालातरी व्हॉट्सअॅपवर सांगितलं होतं, एवढंच. तरी पुढचे वीस तास आम्ही त्या न पाहिलेल्या टॉवरशी झुंजत राहिलो.

होस्टेलवर माणसाला नाव नसतं, गाव असतं. बार्शी, सातारा (खरा पाटण तालुक्यातला, पण पाटण कुठे हे दरवेळी कोण सांगत बसणार), अकोला, आणि मी चिपळूण. अकोला ही चौघांतली एकटी मुलगी, आणि जिला खरंच डायनॅमिक्स येतं अशीही चौघांत तीच एकटी. आम्ही तिघं काड्या चिकटवण्यात पटाईत होतो.

संध्याकाळी ५:५०. उरले १७ तास ५० मिनिटं.

अकोलानं आपला फोन रबरबँडनं सगळ्यात वरच्या मजल्याला बांधला. सहाही पट्ट्या जागेवर होत्या. तिनं करंगळीनं टॉवरला वरून हलकी टिचकी मारली. डोळ्यांना काहीच दिसलं नाही, पण फोनमधल्या अॅपवर दातेरी रेघ उमटली आणि हळूहळू सपाट झाली. दाते मोजले. सेकंदाला ६.८.

याला आम्ही नॅचरल फ्रिक्वेन्सी म्हणायचो. झोपाळ्याला जसा स्वतःचा ठेका असतो तसा प्रत्येक उभ्या वस्तूला असतो. झोपाळा येतो त्या ठेक्यानं कोणी नेमका धक्का देत राहिलं, तर लहान पोरसुद्धा मोठ्या माणसाला फांदीपर्यंत चढवतं. ठेका चुकला की मात्र धक्का देणाऱ्याचेच हात दुखतात. टेबलाचा शेवटचा टप्पा सहाचा. आमचा ठेका ६.८, त्याच्या वर. टेबल आम्हाला हलवेल, पण झोपाळ्यासारखं चढवणार नाही.

"सहाच्या वर राह्यलो पाहिजे आपण. बाकी काही बी करा," अकोला म्हणाली.

सर वर्गावरून घरी जाता जाता डोकावले. हातात हेल्मेट. सरावाच्या टॉवरभोवती एक फेरी मारली, एका कॉलमवर नखानं टकटक केलं. "जोड कुठे येतायत ते बघा," म्हणाले आणि गेले. सरांची सगळीच वाक्यं अशी असायची. वायवात प्रश्न वाटायची आणि दोन वर्षांनी साइटवर उत्तर वाटायची.

रात्री ८:०५. उरले १५ तास ३५ मिनिटं.

लॅबवाल्या मामांनी किल्ल्या वाजवल्या. "चला रे, आठ वाजून गेले."

स्पर्धेच्या आदल्या रात्रीसाठी लॅब उघडी ठेवायची तर अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, त्यावर आणखी एक सही. अर्ज आम्ही केलाच नव्हता. काड्यांची पुडकी, गोंदाचे डबे, कटर, कपडे वाळत घालायचे चार डझन चिमटे असं सगळं खोक्यात भरून आमच्या खोलीवर न्यायचं ठरलं. लोखंडी पट्ट्या लॅबच्या मालकीच्या, त्या कुलपात राहिल्या. सकाळी परस्पर स्पर्धेच्या ठिकाणी नेण्याची परवानगी तेवढी होती.

लेडीज होस्टेलचं फाटक साडेआठला बंद व्हायचं. आमचं कधीच बंद होत नसे. वॉचमन असायचा, पण झोपलेला. म्हणजे टॉवर बांधणारे तिघं आमच्या खोलीत आणि तो उभा कसा राहणार हे जिला कळत होतं ती कुलपाच्या पलीकडे. त्या वेळी यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. अकोलालाही नाही. तिनं आपली हिरव्या पुठ्ठ्याची वही खोक्यात टाकली. "सगळं लिहून ठेवलंय यात. पाहा बरं का." आणि फाटकाकडे पळाली.

रात्री १०:३०. उरले १३ तास १० मिनिटं.

काड्या निवडणं हे काम बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. काडी साधारण साडेअकरा सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड. आधी ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून बाक बघायचा. मग दोन्ही टोकं धरून हलकं वाकवायचं. जी एका बाजूला पटकन झुकते तिच्यातले तंतू तिरके गेलेले असतात. मग फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. चांगली काडी 'टण्' करते, पोचट काडी 'थप्' करते. सातारा हे नुसत्या आवाजावर करायचा. पाठ फिरवून बसायचा, मी काड्या टाकायचो आणि तो "घे", "घे", "फेक", "घे" म्हणत राहायचा. चारातली एक फेकावी लागे. शंभर काड्यांच्या पुडक्यातून पंच्याहत्तर.

फेविकॉलला घाई चालत नाही. त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत गेलं की तो धरतो, आणि नीट धरला की जोड सुटण्याआधी लाकूड चिरतं. मात्र त्याला दाब लागतो आणि रात्रभराचा निवांतपणा लागतो. दाबासाठी चिमटे होते.

खालच्या तीन मजल्यांचे कॉलम दुहेरी: दोन काड्या पाठीला पाठ लावून. याचे फायदे दोन. पहिला नुसता जाडीचा. काडी भाराखाली चिरडत नाही, आधी वाकते. अठराव्या शतकात ऑयलरनं हे सूत्रात बसवलं आणि तेव्हापासून सिव्हिलच्या प्रत्येक पोरानं ते घोकलं. त्या सूत्रानं पंधरा सेंटिमीटर उंचीच्या मजल्यात एकेरी काडी सव्वादोन-अडीच किलोला वाकते. दोन काड्या एकजीव चिकटल्या तर जाडी दुप्पट आणि ताकद आठपट.

दुसरा फायदा विटांच्या भिंतीसारखा. काडी साडेअकरा सेंटिमीटरची, कॉलम नव्वदचा, म्हणजे काडीला काडी जोडावीच लागते. दुहेरी कॉलमात एका थरातला जोड दुसऱ्या थरातल्या सलग काडीसमोर आणता येतो. सांध्यावर सांधा येत नाही. गवंड्याला हे न शिकवता येतं. आम्हीही ते खालच्या तीन मजल्यांत न बोलता करत होतो.

हात गोंदानं पांढरे झाले होते. डबा सारखा कलंडत होता म्हणून त्याखाली मी काहीतरी सपाट ठेवलं.

रात्री १२:४५. उरले १० तास ५५ मिनिटं.

खालचे तीन मजले उभे. मेसमधून मागून आणलेल्या काट्यावर ३०८ ग्रॅम. मधे पाऊण तास लाईट गेली होती, तेवढा वेळ मोबाइलच्या उजेडात काम केलं. भूक लागली. बार्शीनं घरून आलेला चिवडा काढला.

रात्री २:२०. उरले ९ तास २० मिनिटं.

बार्शी म्हणाला, "वर तसंच केलं तर दोनशे नव्वद. टोटल पाचशे अठ्ठ्याण्णव. हरलो बघ."

मी म्हटलं, "मग?"

"वर सिंगल करू. कॉलम पण, ब्रेसिंग पण. पाचशेच्या आत येतोय."

ब्रेसिंग म्हणजे कॉलमांना एकमेकांशी बांधणाऱ्या काड्या. हे काही वेड्याचं बोलणं नव्हतं. खऱ्या इमारतीतही वरचे कॉलम खालच्यांपेक्षा बारीक असतात, कारण वर भार कमी. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला गणित मांडलं. तिसऱ्या मजल्याच्या वर तीन पट्ट्या, तीन किलो. चार कॉलम, म्हणजे नुसत्या भाराचे प्रत्येकावर साडेसातशे ग्रॅम. आता टेबल. फेक तीच पाच मिलिमीटर, पण झटका वेगाच्या वर्गानं वाढतो. सेकंदाला दोन वेळा हललं तर गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम आठ टक्के, पाच वेळा हललं तर पन्नास टक्के. तो आडवा जोर टॉवरची रुंदी वीस सेंटिमीटर धरून कॉलमवर आणला. एका कॉलमवर आणखी एक किलो शंभर. बेरीज एक किलो साडेआठशे. काडी वाकते सव्वादोनच्या पुढे.

"बसतंय," मी म्हणालो. "शेवटच्या टप्प्याला काठावर जाईल."

"तेव्हाचं तेव्हा बघू," बार्शी म्हणाला.

गणितात एकही बेरीज चुकलेली नव्हती. आज मी बांधकामाच्या साइटवर काम करतो, आणि ती वर्तमानपत्राची कड आज कोणी तपासायला दिली तरी आकड्यांवर मला खूण करता येणार नाही. फक्त ते गणित पट्ट्या कॉलमशी खिळल्यासारखं, टॉवर आणि टेबल एकच वस्तू असल्यासारखं केलेलं होतं. टॉवरचा स्वतःचा ठेका त्यात कुठेच नव्हता. संध्याकाळी टिचकी मारून जो ६.८ मोजला तो दुहेरी टॉवरचा. वरचा अर्धा भाग लवचीक केला की ठेका खाली येणार, कारण पट्ट्यांचं वजन तेवढंच राहतं आणि त्यांना धरून ठेवणारं लाकूड कमी होतं. हे मला येत नव्हतं असं नाही. सेमिस्टरला त्यावर आठ मार्कांचा प्रश्न मी लिहिला होता. रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी मला ते आठवलं नाही, एवढंच.

मी अकोलाला मेसेज केला: 'वरचे ३ सिंगल करतोय, चालेल ना?' एकच टिक उमटली. तिचा फोन बंद होता. होस्टेलमध्ये माणसं रात्री दोनला झोपतात ही गोष्ट मला तेव्हा जरा खटकलीच.

रात्री ३:१५. उरले ८ तास २५ मिनिटं.

एकेरी कॉलम चढायला लागले. थर एकच, म्हणून सांध्यासमोर सलग काडी ठेवायची सोय संपली. मग प्रत्येक सांध्यावर तीन सेंटिमीटरचं ठिगळ. आणि चारही कॉलम एकदमच, एकाच उंचीपासून सुरू झाल्यामुळे सगळे सांधेही एकाच उंचीवर येत गेले. पहिले चार तिसऱ्या मजल्याच्या जरा वर.

सातारा ठिगळं कापता कापता आजीचं सांगत होता. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नवी नवरी होती. घराची भिंत बाहेर पडली म्हणून वाचली. आत पडली असती तर सातारा इथं काड्या कापत बसला नसता. त्या पहाटे कोयनानगर भागात दीडशेहून जास्त माणसं गेली. "धरान फुटलं असं वाटून सगळी डोंगरावर पळाली व्हती," तो म्हणाला. आजीला अजूनही झोपेत दरवाजा वाजला तरी धरणाचंच वाटतं. बार्शीनं मग किल्लारीचं काढलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. त्याचे वडील मदतीचा ट्रक घेऊन गेले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखालून काय काय काढलं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही.

तिघं जरा गप्प झालो. मग पुन्हा ठिगळं.

पहाटे ४:४०. उरले ७ तास.

गोंद वाळेना. जानेवारीची थंडी, बंद खोली, तिघांचे श्वास. पंखा पाचवर लावला आणि आम्ही चादरी गुंडाळून बसलो. चौथ्या मजल्यावरचा एक जोड बोटानं दाबला तर सरकला.

बार्शीनं पेटीतून फेविक्विकच्या बारक्या ट्यूब काढल्या. थेंब टाका, दहा सेकंद दाबा, झालं. त्या गोंदाची काही चूक नाही. फुटलेल्या कपाच्या कानासाठी तो उत्तमच. तो ओलाव्यानं झटकन कडक होतो, सरळ ओढलं तर चिवट राहतो. पण त्याचा थर काचेसारखा असतो. पुन्हा पुन्हा वाकवलं, झटका दिला, कडेनं सोललं की तडकतो. टेबल नेमकं हेच करणार होतं.

सांध्यावरच्या जवळपास सगळ्या ठिगळांना फेविक्विक लागलं. साताऱ्याच्या अंगठ्याला चिकटलेली काडी गरम पाण्यात बुडवून काढली. सहा वाजता सहावा मजला लागला. खिडकीतून उजेड आला तेव्हा तो खरंच देखणा दिसत होता. सरावाच्या टॉवरपेक्षा कितीतरी. खाली भरलेला, वर जाळीदार, एखाद्या दीपमाळेसारखा निमुळता होतोय असं वाटायला लावणारा. मी फोटो काढला. तो अजून आहे.

सकाळी ६:५५. उरले ४ तास ४५ मिनिटं.

अकोलाचा फोन.

"काऊन रे सिंगल केलं? फ्रिक्वेन्सी मोजली का?"

"पट्ट्या लॅबमध्ये आहेत ना. कशी मोजणार?"

"माझी वही पाह्यली का तुम्ही?"

मी 'हो' म्हणालो.

का म्हणालो याचा शोध मी बरीच वर्षं घेतला आणि सोडून दिला. झोप नव्हती, हे एक. टॉवर सुंदर दिसत होता, हे दुसरं. ती क्षणभर थांबली. "बरं, पाह्यलं असंन तर ठीक हाय," म्हणाली. 'वही पाहून, विचार करून केलंय' असाच तिनं अर्थ घेतला. दुसरा कुठला घेणार?

त्यानंतरही वेळ होता. गोंद अजून पुरता धरलेला नव्हता. चार कॉलमांना बाहेरून एकेक काडी लावायला तासभर पुरला असता. पस्तीस-चाळीस ग्रॅम वाढले असते. ते तिघांपैकी कोणाला सुचलंही नाही.

सकाळी ८:२०. उरले ३ तास २० मिनिटं.

भाड्याची सुमो. सातारा मागच्या सीटवर टॉवर मांडीत घेऊन बसला, तान्ह्या बाळासारखा. प्रत्येक गतिरोधकाआधी आम्ही चौघं एकदम "हळू, काका!" ओरडायचो. चौदा किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली.

सकाळी १०:१०. उरला दीड तास.

परीक्षकांच्या काट्यावर ४९८.

बार्शीनं माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की मी टेबलाला धडकलो. ६००० भागिले ४९८ म्हणजे १२ च्या वर. नोंदवहीत त्या दिवसातला सगळ्यात हलका टॉवर आमचा. सकाळपासून पहिल्यांदाच आम्हाला भूक लागली आणि आम्ही कँटीनमध्ये वडापाव खायला गेलो. यजमानांच्या टॉवरचं वजन तेव्हाच फळ्यावर लिहिलेलं होतं: ६१२. आम्ही ते वाचलं, हसलो, आणि पाचशे चाळीसचा तो टॉवर कुठे गेला हे विचारायचं विसरलो. खरं तर तेव्हाच बसून भागाकार करायला हवा होता. पाचशे अठ्ठ्याण्णव ग्रॅमचा, खालून वरपर्यंत दुहेरी टॉवर पाचही टप्पे टिकला असता तरी आम्ही त्यांच्या पुढे होतो.

सकाळी ११:२०. उरली २० मिनिटं.

पट्ट्या चढवल्या, खालून वर. सहावी पट्टी ठेवताना टॉवर एका बाजूला किंचित कलला. परीक्षकांनी ओळंबा धरला; चार मिलिमीटर. चालण्यासारखं होतं. अकोलानं आपला फोन काढला, रबरबँड काढला आणि परीक्षकांना विचारलं, "सर, वर बांधू का? फक्त एकदा." नियमात बसत नव्हतं. टेबलावर चढल्यावर टॉवरला हात लावायचा नाही.

सर दाराशी उभे होते. ते सुट्टी टाकून आले होते हे आम्हाला नंतर कळलं. टॉवरकडे बघताना त्यांची नजर तिसऱ्या मजल्यापाशी थांबली. ते काही बोलले नाहीत. बोलून उपयोगही नव्हता.

सकाळी ११:३४. उरली ६ मिनिटं.

दोन हर्ट्झ. टेबल गुरगुरलं. टॉवर नुसता त्याच्याबरोबर गेला आणि आला. वीस सेकंद, टाळ्या.

तीन हर्ट्झ. तेच.

चार हर्ट्झ. आता वरच्या पट्ट्यांची धार धूसर दिसायला लागली. खालचे तीन मजले टेबलाबरोबर जात होते, वरचे तीन जरा मागून, जरा जास्त. चौदाव्या-पंधराव्या सेकंदाला 'टक्' असा बारीक आवाज आला. साताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. चांगली काडी 'टण्' करते. हा आवाज तो नव्हता.

"फेक," तो पुटपुटला.

सकाळी ११:४०.

पाच हर्ट्झ. टेबलाला वेग पकडायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात वरचा अर्धा टॉवर टेबलापासून सुटल्यासारखा स्वतःच्या मनानं हलायला लागला. टेबल पाच मिलिमीटर जात होतं, शेंडा दोन बोटं. सातवा सेकंद. शेंडा तीन बोटं. कोणीतरी "अरे अरे अरे" म्हणत होतं. व्हिडिओत ऐकलं तर तो माझाच आवाज. नववा सेकंद. डावीकडच्या मागच्या कॉलमाचं ठिगळ उडालं, छोटं, पांढरं, करंजीच्या पुरणातल्या खोबऱ्याच्या कपाएवढं. अकराव्या सेकंदाला उरलेले तीन एकदम गेले आणि वरचे तीन मजले, तीन किलो लोखंड आणि एकशे नव्वद ग्रॅम लाकूड, न मोडता, न विखरता, एकसंध बाजूला झुकून टेबलाच्या कडेवर आपटले.

खालचे तीन मजले उभे राहिले. आपल्या तीन पट्ट्या पोटाशी धरून, जणू काही झालंच नाही. ऑपरेटरनं टेबल थांबवेपर्यंत ते हलतच होते.

दुपारी १२:३०.

सर जेवायला घेऊन गेले. राइस प्लेट येईपर्यंत त्यांनी अकोलाच्या फोनवरचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि मग बिलाच्या पाठीवर एक आकृती काढली: धरणाचा छेद. कोयनेचा. एकशे तीन मीटर उंच, खालून रुंद, आणि वरच्या भागात एके ठिकाणी पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार एकदम बदलतो.

"सदुसष्टला तडे कुठे गेले?" त्यांनी साताऱ्याला विचारलं. सातारा पाटणचा आहे हे त्यांना माहीत होतं.

साताऱ्यानं उतार बदलतो त्या रेषेवर बोट ठेवलं.

आडवे तडे, दोन्ही बाजूंना, साधारण त्याच पातळीवर. धरण फुटलं नाही. पुढे त्याला मागून टेकू देऊन ते मजबूत केलं गेलं. बर्कलीचे अनिल चोप्रा, ज्यांचं जाड पुस्तक आम्ही लायब्ररीतून आणून उशाला घेत होतो, त्यांनी १९७३ साली सहकाऱ्याबरोबर त्या तड्यांवर निबंध लिहिला. आजही जगभरच्या पोरांना सॉफ्टवेअर शिकताना भूकंपाचा नमुना म्हणून कोयना सोडवायला देतात. पाटणपासून पाऊण तासावर आहे ते धरण. आणि आम्ही रात्री सव्वातीनला त्याच भूकंपाच्या गोष्टी सांगत, जाड तिथे एकदम बारीक, अशी नेमकी तीच रेषा काड्यांत बांधत होतो.

सरांनी ताक मागवलं. रागावले नाहीत. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

संध्याकाळी ५:१५.

आम्ही खोली आवरत होतो तेव्हा अकोला होस्टेलच्या फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, माझी वही द्या. मी खोक्यात पाहिलं, कॉटखाली पाहिलं. बार्शीनं गोंदाचा डबा उचलला तर त्याच्याखालून हिरवा पुठ्ठा वर आला. डब्याच्या बुडाचं पांढरं वर्तुळ त्यावर घट्ट बसलेलं, आणि कडेनं ओघळलेल्या गोंदानं मधली पानं एकमेकांना चिकटलेली.

साताऱ्यानं कटर घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून पानं सोडवायला बसला. फार सावकाश, पात्याचं टोक सपाट धरून, सगळ्या रात्रीत एकही काडी त्यानं इतक्या जपून कापली नसेल. तिसरं पान सुटलं. तिच्या बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. पूर्ण दुहेरी: ६.८. वर कॉलम दुहेरी, ब्रेसिंग एकेरी: ६.२. तिसऱ्या ओळीत, वर सगळं एकेरी, त्यापुढे ४.८, त्याभोवती पेन्सिलीनं दोनदा काढलेला गोल, आणि पुढे: 'पाचच्या टप्प्यात सापडतो. नको.'

चौथं पान अजून चिकटलेलं होतं. सातारा ते सोडवत राहिला.